झिऱ्याच्या कड्यावरची नवरी

सोमवार उजाडला की मंगळूला कड्याची वाट नकोशी व्हायची. शनिवारी-रविवारी कड्यावर पाच-सहाशे माणूस येऊन गेलेलं असायचं, आणि त्यांनी मागं जे काही टाकलंय ते सोमवारी आपल्या हातानं उचलायचं काम त्यानं स्वतःच अंगावर घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. खताचं रिकामं पोतं पाठीवर टाकायचं, हाताला प्लास्टिकची पिशवी बांधायची नि चालू पडायचं. बिर्याणीचे डबे, बियरच्या बाटल्या, पोरांचे भरलेले डायपर, नाक पुसून फेकलेले कागद, आणि दगडाच्या बरोब्बर मागं, आडोसा आहे म्हणून, माणसांनी करून ठेवलेली घाण. शी! गुरं बरी. गुरं निदान दुसऱ्याच्या देवामागं आडोसा बघून बसत नाहीत.

झिऱ्याचा कडा हरसूलपासून आत डोंगरात, आंबोणपाड्याच्या वर. पाड्यात पन्नास-साठ घरं, भाताची नि नागलीची, म्हणजे नाचणीची, शेती, आणि दिवाळी झाली की अर्धा पाडा दिंडोरीकडं द्राक्षांच्या कामाला. कड्याच्या टोकाला गुडघाभर उंचीचा एक दगड उभा केलेला आहे. त्याच्यावर चंद्र-सूर्य कोरलेत नि खाली एक बाई, ओबडधोबड, कोरणाऱ्याला हात कसाबसा बसलेला. माणूस अवकाळी गेलं, म्हणजे पडून, बुडून, वय व्हायच्या आधी, तर त्याच्या नावानं असा दगड बसवायचा ही त्या पाड्याची रीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिथं घास ठेवायचा. आणि एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाळायची: त्या माणसाचं नाव मोठ्यानं घ्यायचं नाही. घरात नाही, दगडापाशी नाही, परक्यासमोर तर मुळीच नाही. नाव घेतलं की त्याला हाक ऐकू जाते, ते माघारी फिरतं, नि मग त्याचा जीव ना इकडं ना तिकडं, असं म्हातारी माणसं सांगत आली.

तो दगड मंगळूच्या थोरल्या बहिणीचा. तानुबाई तिचं नाव. त्रेचाळीस वर्षांपूर्वी, बावीस वर्षांची असताना, पाणी आणताना कड्यावरून पडून ती गेली. तेव्हा मंगळू तेरा वर्षांचा होता आणि तिची पोर, सरिता, तीन वर्षांची. दगडावरच्या बाईच्या डोक्यावर हंडा कोरलाय तो त्यासाठी.

आता गंमत बघा. गंमत कसली, ओकारी यावी अशी गोष्ट. पंधरा-सोळा वर्षांमागं पावसाळ्यात मुंबईचा एक घोळका वाट चुकून पाड्यावर आला. मंगळू त्यांना कडा दाखवायला घेऊन गेला. त्यातल्या एका बाईनं दगड बघितला आणि त्या हंड्याकडं बोट दाखवून ती चित्कारली, "अय्या, हे बाशिंग आहे ना? नवरी आहे का ही?"

मंगळू अडकला. खरं सांगावं तर नाव निघणार, परक्यापुढं नाव घ्यायचं नाही. आणि नाही म्हणावं तर मग कोण, हा पुढचा प्रश्न आहेच. म्हणून तो म्हणाला, "व्हय. नवरीच हाय."

"मग इथं कशी?"

"उडी मारली तिनं."

"का हो?"

आता इथं थांबायचं होतं की नाही? बाबा रे, तुझी बहीण होती ती! पण आठ माणसं पावसात भिजत, डोळे मोठ्ठे करून त्याच्या तोंडाकडं बघत होती. मंगळूच्या तोंडाकडं तोवर असं कुणी बघितलं नव्हतं, ना फॉरेस्टच्या गार्डानं, ना बागाईतदारानं. तो बोलत गेला. "तिचं एकावर मन व्हतं. घरच्यांनी दुसऱ्याशी लगीन लावलं. हळदीच्या अंगानं पळत आली नि..." त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मंगळूला बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर लय बरं वाटलं.

पुढं तो वाटाड्याच झाला. पावसाळ्यात माणसं यायला लागली, 'नवरीचा कडा' कुठं म्हणून त्याला विचारायला लागली. तो सांगायचा आणि दरवर्षी थोडं घालायचा. एका वर्षी प्रियकर बासरी वाजवायला लागला. एका वर्षी नवरीचे पैंजण पुनवेला ऐकू यायला लागले. पाड्यातली म्हातारी माणसं त्याच्याकडं तिरक्या नजरेनं बघायची, पण तीही बोलत नव्हती, कारण बोलायचं म्हटलं तर नाव आलं. तरी त्या दिवसांत येणारी माणसं माणसासारखी होती, हे मंगळू आजही कबूल करतो. वाट चुकायची, कोंबडं दिसलं तरी थांबायची, घरात बसून नागलीची भाकरी खायची, या झाडाला काय म्हणता, उन्हाळ्यात पाणी कुठनं आणता, असं शंभर गोष्टी विचारायची. दोन-तीन घरांची तर दिवाळीला पत्रं यायची.

मग अमोल आला. नाशिकचा, कॉलेज रोडला ऑफिस असलेला, हसतमुख, अंगावर खिसेच खिसे असलेली चड्डी घातलेला. त्याचं 'वाटबोली' नावाचं ॲप होतं. गावोगावच्या गोष्टी त्यात भरायच्या, मग माणूस कुठंही उभा राहिला की ते त्याच्या कानात त्या जागेची गोष्ट सांगणार, त्यानं काहीही विचारलं तरी उत्तर देणार. अमोलनं मंगळूला मोहाच्या झाडाखाली दोन दिवस बसवलं नि त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं. "मंगळूमामा, तुम्ही म्हणजे चालतीबोलती खाण आहात! आता हे कधीच हरवणार नाही बघा." मंगळूनं नवरी सांगितली, बासरी सांगितली, पैंजणसुद्धा सांगितले. सांगताना त्याला एकदा वाटलं, आता पुरे. पण मोबाईल चालू होता आणि अमोल मान डोलावत होता.

तिथून पुढं जे सुरू झालं त्याला काय म्हणावं! माणसं यायला लागली ती कानात बोंडं घालूनच. गाडी थेट वरपर्यंत, कारण जंगलातून नवीन रस्ता झालेला. उतरायचं, दगडापाशी जायचं, कानात गोड आवाजाची एक बाई गोष्ट सांगायची, ती जिथं थांबेल तिथं यांनी उसासा टाकायचा, मग फोटो. विसाव्या मिनिटाला गाडीत. मंगळू शेजारी उभा असला तरी त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. एकदा एका पोरीनं त्याला हातानं बाजूला सारलं, फोटोत येतोय म्हणून.

त्यात मशीननं नवरीचं चित्र बनवलेलं. हलणारं! लाल शालू, नथ, गोरीपान, सिनेमातली बाई झक मारेल अशी, निळ्या धबधब्याच्या काठावर केस उडवत उभी. आता झिऱ्याच्या कड्याला पाऊस सोडला तर धबधबा नाही, आणि निळा तर बापजन्मी नव्हता. ऑक्टोबरात एक बाई गाडीतून उतरली, मोबाईल वर धरून कड्याशी ताडून बघितला नि मंगळूवर घसरली, "हे काय? नुसता खडक आहे! तुम्ही लोक फसवता, हां!"

"बाई, हा असाच हाय."

"इथे तर वेगळंच दाखवलंय!"

अगं, मग तिथंच बस की बघत! घरी पलंगावर पाय पसरून बघ, कुणी अडवलंय? पेट्रोल जाळून, घाट चढून, लेकरांना ओकायला लावून इथवर यायचं आणि डोळ्यांसमोर डोंगर असताना तो चित्रासारखा नाही म्हणून रडायचं? पूर्वी माणूस परक्या गावी जायचा ते ठाऊक नाही ते कळावं म्हणून. हे घरूनच सगळं कळून येतात आणि इथं फक्त मोहर उठवायला उतरतात. मंगळूला त्यांचा वीट आला. त्यांच्या अत्तरांचा, त्यांच्या गाड्यांतल्या गाण्यांचा, दगडाला लावलेल्या लिपस्टिकच्या ओठांचा. हो, ओठांचा! प्रेमासाठी जीव दिलेल्या नवरीला म्हणे पाया पडण्याऐवजी पापी घ्यायची, असं कुणीतरी सुरू केलं होतं. सोमवारी तो राखेनं तो दगड घासायचा आणि घासताना बहिणीच्या चेहऱ्याकडं बघायचं टाळायचा.

माणसांचा वीट आला म्हणणं सोपं असतं. खरी किळस त्याला कुणाची येत होती ते त्याला ठाऊक होतं. म्हणून तर तो दर सोमवारी ते पोतं घेऊन जायचा.

सरिता पेठला नर्स आहे. आईच्या मागं आजीनं तिला वाढवली, हरसूलच्या आश्रमशाळेत शिकली, आज तिची मुलगी सृष्टी नाशिकला कॉलेजात आहे. त्या सृष्टीनंच आईला मोबाईल दाखवला: "आई, हे आपल्या पाड्यावरचं ना? हा आजीचा दगड ना?" दुसऱ्या दिवशी सरिता सकाळच्या एसटीनं मंगळूच्या अंगणात. चप्पलसुद्धा काढली नाही.

"मामा, हे कुणी सांगितलं?"

मंगळू सुपात नागली पाखडत होता. त्यानं मान वर केली नाही. "काय की. लोक काय बी सांगत्यात."

"माझी आई हळदीच्या अंगानं पळाली? मी तीन वर्षांची होते तेव्हा तिचं लगीन लावत होते का तुम्ही?"

"पोरी, त्यात नाव कुठं हाय? कुणाला कळतंय?"

"पाड्याला कळतंय. मला कळतंय. उद्या सृष्टीच्या सासरच्यांना कळेल." ती खाली बसली. "ती पाण्यासाठी गेली. एवढी एकच गोष्ट मला तिची ठाऊक आहे, मामा. दुसरं काही ठेवलंय का कुणी माझ्यासाठी? फोटो नाही. नाव घ्यायचं नाही. आणि ती एक गोष्टसुद्धा कुणीतरी हरामखोरानं बदलली."

मंगळूच्या हातातलं सूप थांबलं. हा क्षण होता. बोलायचा क्षण हाच होता. पण त्यानं सूप पुन्हा पाखडायला घेतलं.

सरितानं ॲपवरून अमोलचा नंबर काढला, त्याला फोन लावला. तो फार सज्जनपणे बोलला. "ताई, तुमच्याकडे खरी माहिती असेल तर आम्हाला हवीच आहे. मी येतो, तुमच्याकडच्या कुणाला तरी बसवा, रेकॉर्ड करू. मशीनला एकदा दिलं की ते सुधारतं आपोआप."

सरिता मामाला म्हणाली, "तू होतास तिथं. तूच सांग. नाव घेऊन सांग. मला चालेल, मी तिची पोर आहे."

नाव! रात्रभर नाही, आठवडाभर मंगळूनं त्याच्याशी झुंज घेतली. त्रेचाळीस वर्षं त्यानं ते नाव ओठावर आणलं नव्हतं. स्वप्नात हाक मारली तरी दचकून उठायचा. पण नावाशिवाय सांगितलं तर कुठल्या बाईची गोष्ट म्हणणार? खरं म्हणजे खरं, ते नावासकटच द्यायला पाहिजे. शेवटी त्यानं दगडापुढं नारळ ठेवला, कपाळ टेकलं नि माफी मागितली.

अमोल रविवारी आला. मोहाच्या झाडाखाली सतरंजी टाकली. सरिता मामाला लागून बसली, धीर द्यावा म्हणून तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. अमोलनं मोबाईल ठेवला, हसला आणि त्याच्या भोळेपणात म्हणाला, "मामा, मागच्या वेळी तुम्ही बासरीचं काय सुंदर सांगितलं होतं! लोक अजून मेसेज करतात. आता ही दुसरी बाजूपण तशीच रंगवून सांगा."

पाठीवरचा हात उठला.

सरितानं एकदा मामाकडं बघितलं. ती ओरडली असती, तिनं चार लोकांत त्याचं थोबाड रंगवलं असतं तर मंगळूला हलकं वाटलं असतं. ती नुसती उठली, पिशवी उचलली नि एसटीच्या रस्त्यानं खाली चालायला लागली. मंगळूनं "सरे, अगं सरे" म्हणून दोन पावलं टाकली. तिनं मागं बघितलं नाही.

"काही झालं का?" अमोल म्हणाला.

"नाय. घ्या तुमचं," मंगळू म्हणाला आणि बसला.

आणि मग ज्या पोरीसाठी सांगायचं ती निघून गेल्यावर त्यानं एका मोबाईलला सगळं सांगितलं. नाव घेतलं. तानुबाई. त्या वर्षी पाड्याची विहीर माघातच आटलेली. वैशाखात एके दिवशी तानुबाईनं घराच्या भिंतीवर कुंभारीण माशी चिखलाचं घर करताना बघितली आणि ती थबकली. चिखल ओला होता! सगळ्या रानात थेंब नाही, मग ही ओली माती आणते कुठनं? ती त्या माशीच्या मागं निघाली. तीन दिवस हिंडली, माशी हरवायची, दुसरी धरायची, लोक तिला वेडी म्हणाले. तिसऱ्या दिवशी कड्याच्या पोटात, खाली, खडकाच्या भेगेत पाण्याचा झिरा सापडला. मोठ्या वाटेनं वळसा घालून जायचं तर दोन तास. म्हणून तिनं पहार नि छिन्नी मागून आणली आणि कड्यात पावलापुरत्या खाचा खोदल्या. तेवीस. दोन उन्हाळे सगळा पाडा त्या पाण्यावर जगला. तिसऱ्या उन्हाळ्यात वरून सातव्या खाचेचा दगड सुटला.

अमोलचे डोळे भरून आले होते. "मामा, हे तर त्याहून भारी आहे," तो म्हणाला. मंगळूला त्याचा राग यायला पाहिजे होता, पण त्याला आशा वाटली. वेडी आशा.

तीन आठवडे गेले. सरितानं फोन उचलला नाही. मंगळू सोमवारी पोतं घेऊन जायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडं टक लावून बघायचा, कुणी झिऱ्याबद्दल विचारतंय का म्हणून. आणि एका शनिवारी खरंच एका जोडप्यातला पोरगा त्याला म्हणाला, "काका, तानुबाईची जागा हीच ना?"

मंगळू लगबगीनं पुढं आला. "व्हय, हीच! काय सांगितलं तुम्हाला? मला बी ऐकवा."

पोरानं कानातलं बोंड काढलं नि मोबाईलचा आवाज मोठा केला. ती गोड आवाजाची बाई बोलायला लागली. तानुबाई नावाची रूपवान नवविवाहिता. उन्हाळ्यात पाणी आणायच्या निमित्तानं ती कड्याखालच्या झिऱ्यावर जायची. तिथं तिची वाट बघत बासरी वाजवणारा तिचा प्रियकर. त्याला भेटता यावं म्हणून तिनं आपल्या कोमल हातांनी खडकात तेवीस पायऱ्या खोदल्या, एकेक पायरी म्हणजे एकेक भेट. आणि ज्या दिवशी गावाला कळलं त्या दिवशी... आजही कड्यावर उभं राहून तिच्या नावानं हाक मारा. ती तुम्हाला ओ देते.

मंगळू दगडापाशी खाली बसला. दोन्ही घेतलं होतं मशीननं! खोटं तसंच ठेवलं आणि खरं त्या खोट्याच्या तोंडात घास म्हणून घातलं. आधी निदान नवरी बिननावाची होती. आता तिला नाव होतं, आणि ते मंगळूनंच दिलं होतं, नारळ ठेवून, माफी मागून.

"हे खोटं हाय," तो म्हणाला. "बहीण हाय ती माझी. तिला पोर व्हती. ती पाडा जगवायला..."

पोरगा आदबीचा होता. त्यानं मोबाईलला विचारलंसुद्धा. मग जरा ओशाळून म्हणाला, "काका, यात लिहिलंय, स्थानिक जाणकार मंगळू यांनी स्वतः सांगितलेली हकीकत. तुम्ही ओळखता का त्यांना?"

अमोलला फोन लावला तर तो म्हणाला, "मामा, मशीन जोडतं हो सगळं, आम्ही वाक्य-वाक्य बघत नाही. आणि मी आज काढलं तरी बाकीच्यांनी उचललंय, शंभर ठिकाणी गेलंय. पण वाईट काय त्यात? तुमच्या बहिणीचं नाव देशभर झालं." मंगळूनं फोन बंद केला आणि गोठ्यामागं जाऊन ओकला. खरोखर ओकला, आतडी पिळवटेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी रविवार. ऊन चांगलं वर आलं असताना सरिता आली. तिनं ते ऐकलं होतं, ते तिच्या तोंडावरच दिसत होतं. मंगळू अंगणात उभा राहिला, तिच्या पायांशी वाकायला गेला. तिनं त्याला दंडाला धरून उभं केलं, काही मायेनं नव्हे.

"मला खाली घेऊन चल," ती म्हणाली. "ती उतरायची तिथं. शेहेचाळीस वर्षांची झाले, मी ती जागा बघितलेली नाही. सगळी दुनिया येऊन गेली."

मोठ्या वाटेनं दोन तास लागले. करवंदीच्या जाळ्यांतून, घळीतल्या घसरड्या दगडांवरून मंगळू पुढं नि सरिता मागं. झिऱ्यापाशी पोचले तर भेगेखालचं डबकं वरून पडलेल्या बाटल्यांनी आणि चकचकीत कागदांनी गच्च भरलेलं. मंगळूनं हात घालून एकेक बाहेर काढलं. खालून पाणी दिसायला लागलं, बोटभर धारेचं, थंडगार. सरितानं ओंजळ लावली पण ती प्यायली नाही. तिनं ते पाणी तोंडावरून फिरवलं.

खडकात खाचा होत्या. शेवाळलेल्या, पण होत्या. सरितानं चप्पल काढून सगळ्यात खालच्या खाचेत पाऊल ठेवलं.

"बारकी होती का ती?" स्वतःशीच बोलावं तसं ती म्हणाली.

"बारकीच. तुझ्यापरीस बोटभर कमी." मंगळूला बोलणं आवरेना. जे त्यानं मोबाईलला सांगितलं नव्हतं ते त्यानं तिला सांगितलं. "मी वर व्हतो. दोर माझ्या हातात. पहिला हंडा तिनं दोराला बांधून वर धाडला, तो मी वढून घेतला. दुसरा डोक्यावर घेऊन ती चढत व्हती. मला म्हणली, मंगळ्या, दोर टाक. मी पाणी पीत बसलो व्हतो, सरे. त्या पहिल्या हंड्यातलं. लय तहान लागल्ती. एवढंच. तेवढ्यात दगड सुटला." तो थांबला. "त्या हंड्यातलं जे उरलं त्यानंच तिला अंघोळ घातली. दुसरं पाणी नव्हतंच पाड्यात."

सरिता त्याच्याकडं बघत राहिली. ही गोष्ट त्यानं आजवर कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. त्याला वाटलं, आता ती थुंकेल तोंडावर. तिनं तोंड उघडलं.

तेवढ्यात वरून आवाज आला. दुपारची गर्दी कड्यावर पोचली होती.

"तानूऽऽऽ!"

पोरगं कुणीतरी, दारू प्यालेलं असावं. कड्यानं ती हाक जशीच्या तशी खाली फेकली. वर हशा पिकला, कुणीतरी शिट्टी मारली. मग दुसरा आवाज. मग पोरीपोरींचे चार-पाच आवाज एकदम. "तानू! ए तानूऽऽ! येते का वर?" पुन्हा हशा. हाका खडकावर आपटत होत्या नि मंगळूच्या अंगावर येत होत्या. त्यानं दोन्ही हातांनी कान गच्च दाबले आणि वर तोंड करून गुरासारखा ओरडला, "अरे, नका! नका रे!" त्याचाही आवाज घुमला. वरच्यांनी तो ऐकला असावा, कारण ते आनंदानं किंचाळले.

सरितानं त्याचे हात धरून कानांवरून खाली ओढले.

"गप, मामा," ती म्हणाली. तिचे डोळे वर लागले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "ऐकू दे मला. आईला कुणी नावानं हाक मारलेली मी आज पहिल्यांदा ऐकतेय."